मजकूर जागचा हलू नये म्हणून

सहकारी पतसंस्थेच्या वार्षिक अहवालापासून ग्रामपंचायतीच्या ठरावापर्यंत आणि पीएच.डी.च्या प्रबंधापासून दिवाणी दाव्यातल्या अर्जापर्यंत, ज्या मजकुराला पैशाचे, पदवीचे किंवा कायद्याचे मोल आहे असा सातारा-सांगलीकडचा बहुतेक मराठी मजकूर आज प्रथम वर्ड किंवा लिब्रेऑफिस यांपैकी एखाद्या कार्यक्रमात जुळवला जातो आणि नंतर पीडीएफचे रूप घेऊन संबंधितांच्या हवाली होतो. या दोन अवस्थांच्या दरम्यान जे बिघडते त्याला आमच्याकडच्या डीटीपी केंद्रांत अगदी नेमकी नावे आहेत. अक्षरांच्या जागी चौकोन किंवा रोमन लिपीतली अगम्य चिन्हे आली की ‘फॉन्ट उडाला’, प्रकरणाचे शीर्षक पानाच्या माथ्यावरून मागच्या पानाच्या तळाशी गेले की ‘पान हलले’, आणि ताळेबंदातल्या रकमा आपला रकाना सोडून शेजारच्या घरात शिरल्या की ‘टेबल फुटले’. नावे ठरलेली आहेत, परंतु कारणांच्या शोधात कोणी फारसे पडत नाही. संगणकाची लहर म्हणून सोडून देण्याचाच शिरस्ता पडला आहे. वस्तुतः लहरीचा भाग यात फार थोडा असून बहुतेक बिघाड हे पीडीएफ करताना झालेले नसतातच. ते मूळ फाईलमध्ये आधीपासून दबा धरून बसलेले असतात आणि पीडीएफ त्यांना केवळ उघडे पाडते.

हे का घडते ते समजण्यास याच मुलखातली एक जुनी घटना उपयोगी पडेल. इ.स. १८०५ मध्ये मिरजेस गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने भगवद्गीता ताम्रपटांवर कोरून छापण्यात आली, आणि आपल्याकडील मुद्रणाच्या इतिहासात त्या प्रतीचा उल्लेख आवर्जून केला जातो. ताम्रपटाच्या पद्धतीत सबंध पान हीच एक आकृती असते. ओळ कोठे संपावी, जोडाक्षराने कसे वळण घ्यावे, समास किती सुटावा हे कोरणाऱ्याच्या हाताने एकदा ठरले की मग कितीही प्रती काढा, मांडणीत तिळमात्र फरक पडत नाही. मात्र एक काना चुकला तर तो सुधारणे महाकर्मकठीण. पुढे खिळ्यांचे मुद्रण आले. किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या गावातून १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, वाईसारख्या क्षेत्री धर्मकोशाचे व नंतर मराठी विश्वकोशाचे प्रचंड काम उभे राहिले. या युगात मजकूर सुटा झाला, दुरुस्ती सुलभ झाली. पण जो खिळा जुळाऱ्याच्या खणात नाही तो पानावर उमटणार नाही, ही गोष्ट तेव्हा प्रत्यक्ष डोळ्यांपुढे असे. वर्डची फाईल या दोहोंहून निराळी. तिच्यात अक्षरांच्या आकृती सामान्यतः नसतातच. असतात ते अक्षरांचे संकेतांक, आणि अमुक नावाच्या फॉन्टमध्ये अमुक आकाराने ते दाखवावेत अशी आज्ञा. ती आज्ञा पाळली जाईल की नाही हे समोरच्या यंत्राच्या खणात तो फॉन्ट आहे की नाही यावर अवलंबून राहते. पीडीएफ, जी ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये प्रथम लोकांपुढे आणली आणि जिला २००८ मध्ये आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकाचे स्थान मिळाले, ती पुन्हा ताम्रपटाच्या जातीची आहे: ती प्रत्येक अक्षराची पानावरील जागा कायम करते आणि वापरलेल्या अक्षरांच्या आकृतीही स्वतःबरोबर बाळगते. बाळगू शकते, असे म्हणणे अधिक बरोबर. कारण ही सामग्री तिला द्यावी लागते.

तेव्हा पहिले लक्ष फॉन्टकडे. आपल्या भागात १९९० नंतरच्या दोन दशकांत जे मराठी टंकलेखन झाले ते बहुतांशी श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा संचांत झाले, आणि या संचांचे जुने फॉन्ट युनिकोडच्या पद्धतीने चालत नाहीत. त्यांत ‘क’ या अक्षराच्या जागी प्रत्यक्षात रोमन लिपीतले एखादे अक्षर वा चिन्ह साठवलेले असते आणि फॉन्ट त्या चिन्हावर ‘क’चे चित्र चढवतो, फॉन्ट गेला की चित्र उतरते आणि खालची रोमन चिन्हे उघडी पडतात. अशी फाईल ज्या यंत्रावर तयार झाली त्याच यंत्रावर तिची पीडीएफ केली आणि फॉन्ट आत बसला, तर पान दिसायला निर्दोष दिसेल, छापूनही निर्दोष निघेल. पण त्या पीडीएफमध्ये ‘पाटण’ हा शब्द शोधू जाल तर सापडणार नाही, उतारा उचलून दुसरीकडे चिकटवाल तर अगम्य चिन्हांची रांग हाती येईल, आणि अंध वाचकाचा वाचनयंत्र-कार्यक्रम त्या पानावर निरर्थक बडबड करील. केवळ सभासदांना वाटायच्या नोटिशीपुरते हे चालून जाईल. ग्रंथालयात, न्यायालयात किंवा दप्तरात वर्षानुवर्षे राहायच्या कागदाला ते चालणार नाही. अशा जुन्या फायली परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात, आणि परिवर्तनानंतर मुद्रितशोधन पुन्हा एकदा, आरंभापासून करावे. कारण रफार, अनुस्वार आणि ऱ्हस्व वेलांटी ही तीन चिन्हे परिवर्तनात हमखास जागा बदलतात.

युनिकोडमध्ये आल्याने सर्व प्रश्न सुटतात असा मात्र समज करून घेऊ नये. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचे जुने नाव कऱ्हाड. आजही पुष्कळ जण ते असेच लिहितात. यातील ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर मराठीचे खास लेणे असून ते संगणकात दोन रीतींनी लिहिले जाते: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण घेऊन त्याचा पाय मोडतात, दुसऱ्यात साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. पानावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द आहेत. आणि ते अदृश्य चिन्ह एखाद्या परिवर्तनात गळाले तर आडव्या ‘र’च्या जागी ‘ह’च्या डोक्यावर रफार चढतो आणि गाव कर्हाड होऊन बसते. दऱ्या, सुऱ्या, शेतकऱ्यांचा हे सारे शब्द याच धोक्याचे मानकरी, आणि सहकारी संस्थेच्या अहवालात ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द किती वेळा येतो हे सांगायला नको! तसाच प्रकार ‘ॲ’चा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीची सवय असलेले लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देतात. एकाच प्रबंधात दोन्ही रीती मिसळल्या तर शब्दसूची करताना ‘ॲड.’ दोन ठिकाणी विभागला जातो आणि जुन्या फॉन्टात त्यातला एक चौकोन होऊन उभा राहतो. शोधा-व-बदला या साध्या आज्ञेने संपूर्ण फाईलमध्ये एकच रीत करून घेणे हे पीडीएफपूर्वीचे पहिले काम समजावे.

पलूसचा ‘ल’ आणि शिराळ्याचा ‘श’ यांचे प्रकरण थोडे नाजूक आहे. या दोन अक्षरांची मराठी वळणे आणि हिंदी वळणे वेगळी असून महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला निश्चित करताना या वळणांचाही निर्देश केला आहे. विंडोजबरोबर येणारे मंगल किंवा निर्मला यूआय हे फॉन्ट सामान्यतः हिंदी वळण दाखवतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात मराठी वळणे साठवलेली असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असेल तरच ती पुढे येतात, आणि लिब्रेऑफिस ही नोंद मानते. हिंदी अशी भाषा राहून गेली की वळणही हिंदी. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठीसाठीच बनवलेला आहे. हे फॉन्ट विनामूल्य आहेत, त्यांचा परवाना खुला आहे, आणि पीडीएफच्या दृष्टीने या खुल्या परवान्याचे महत्त्व वळणाहूनही अधिक. कारण काही व्यापारी फॉन्टांच्या अंगातच ‘मला दुसऱ्या फाईलमध्ये बसवू नये’ असा मनाईहुकूम लिहिलेला असतो, आणि तो पाळताना कार्यक्रम एक तर दुसराच फॉन्ट घेतो किंवा अक्षरांचे चित्र करून टाकतो.

पान हलण्याचे सर्वांत साधे कारण येथेच आहे. समजा, वाळव्याच्या एखाद्या संस्थेचा अहवाल कोकिला या फॉन्टमध्ये १६ अंकी आकारात बसवला आहे. कोकिलाची ठेवण बारीक. तेवढ्याच अंकाचा मंगल तिच्या मानाने चांगलाच थोराड दिसतो. विंडोज १० पासून कोकिला, अपराजिता, मंगल हे फॉन्ट प्रत्येक यंत्रात आपोआप असतीलच असे नाही. देवनागरीचा पुरवणी-संच बसवलेला नसेल तर त्यांच्या जागी निर्मला यूआय येऊन बसतो, ओळी लांबतात, ओळींमधले अंतर वाढते आणि ४० पानांचा अहवाल ५० पानांकडे सरकतो. अनुक्रमणिकेतले आकडे मात्र जुनेच राहतात. यास्तव ज्या यंत्रावर मजकूर बसवला त्याच यंत्रावर पीडीएफ करावी हा नियम. ते शक्य नसेल तर वर्डच्या ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या भागात फाईलमध्ये फॉन्ट अंतर्भूत करण्याची जी सोय आहे ती खूण करून मगच फाईल दुसऱ्याच्या हाती द्यावी. व्हॉट्सॲपवरून आलेली वर्डची फाईल मोबाईलवर उघडून तेथेच तिची पीडीएफ करून पुढे धाडण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याविषयी चांगले बोलण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वर्ड प्रत्येक मजकुरासाठी दोन फॉन्ट बाळगतो, एक रोमन लिपीसाठी आणि एक ज्यांना तो ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणतो त्या लिप्यांसाठी, आणि देवनागरी या दुसऱ्या वर्गात पडते. वरच्या पट्टीतून फॉन्ट वा आकार बदलला की कित्येकदा फक्त पहिला बदलतो. मराठी मजकूर जसाच्या तसा, आणि बदलणारा हतबुद्ध. फॉन्टची पूर्ण चौकट उघडून दोन्ही ठिकाणी नाव, आकार आणि ठळकपणा भरावा. त्याहून उत्तम म्हणजे ‘स्टाईल’मध्ये तो एकदा भरून ठेवावा, शीर्षकांना शीर्षकांची स्टाईल द्यावी, आणि हाताने अक्षर मोठे करून शीर्षक बनवण्याची सवय सोडावी, कारण पुढे पीडीएफमध्ये डाव्या बाजूस जी प्रकरणांची यादी उमटते ती या स्टाईलवरूनच तयार होते.

आता ताळेबंद. सातारा-सांगलीच्या सहकारी संस्थांच्या अहवालांत भांडवल व देणी एका बाजूस, मालमत्ता व येणी दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये मागील वर्षाचे व चालू वर्षाचे रकाने असा जो रुंद तक्ता असतो, तो जर जागेच्या दांडीने, म्हणजे स्पेसबार दाबून दाबून, सरळ केलेला असेल तर त्याला जगातला कोणताही कार्यक्रम सरळ ठेवू शकणार नाही. फॉन्टची रुंदी केसभर बदलली की रकमा हलल्याच. तक्ता हा तक्ता म्हणूनच करावा. त्याच्या रकान्यांची रुंदी मजकुरानुसार आपोआप ताणू न देता निश्चित सेंटिमीटरांत बांधावी, रकमा उजवीकडे टेकवाव्यात किंवा दशांशचिन्हाशी जुळणारा टॅब वापरावा, तक्ता पुढच्या पानावर गेल्यास मथळ्याची ओळ पुन्हा यावी अशी खूण करावी, आणि एक ओळ अर्धी या पानावर व अर्धी त्या पानावर तुटण्याची मुभा काढून घ्यावी. आडव्या पानाची गरज असेल तर त्यासाठी स्वतंत्र विभाग पाडावा. एक्सेलमधून चित्र उचलून चिकटवणे हा सोपा मार्ग दिसतो खरा, पण त्या चित्रातले आकडे ना शोधता येतात ना मोठे करून स्वच्छ वाचता येतात, आणि हिशेब तपासणीसाने एखादा आकडा बदलायला सांगितला की सारे मुळापासून.

पानांविषयी थोडक्यात. नवे प्रकरण नव्या पानावर न्यायचे तर एंटरची कळ वीस वेळा न दाबता पानतोड घालावी. कागदाचा आकार ए-४ म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर आहे याची खात्री करावी. अमेरिकी ‘लेटर’ हा आकार पुष्कळ यंत्रांत मुळातच ठेवलेला असतो, तो ए-४हून रुंद आणि आखूड असल्याने प्रत्येक पानाच्या शेवटच्या एक-दोन ओळी पुढे ढकलल्या जातात. शिक्के, बोधचिन्हे, छायाचित्रे ही तरंगती न ठेवता ओळीत बसवावीत.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष रूपांतराला काही क्षणच लागतात, परंतु तेही योग्य दारातून व्हावे. प्रिंटच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ म्हणून जो छपाईयंत्राचा आभास असतो, त्यातून पान नीट निघते. पण दुवे, प्रकरणांची यादी आणि मजकुराची रचना मागेच राहते, आणि मराठी मजकूर उचलताना वेलांट्या भरकटण्याचे प्रमाणही या वाटेने अधिक. त्याऐवजी ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’मधून पीडीएफ निवडावी आणि ‘ऑप्शन्स’ची चौकट उघडून शीर्षकांवरून बुकमार्क करणे, रचनेच्या खुणा ठेवणे आणि पीडीएफ/ए या तीन खुणा कराव्यात. यांतील पीडीएफ/ए हे २००५ मध्ये आयएसओ १९००५ या नावाने मान्य झालेले जतनासाठीचे मानक असून सर्व फॉन्ट फाईलच्या आत असलेच पाहिजेत अशी त्याची सक्ती आहे. ही सक्ती आपल्या फायद्याची. आकार लहान करण्याची जी खूण असते ती छायाचित्रांचा बळी घेते, तेव्हा छपाईसाठी ती करू नये. आणि महाजालावर फुकट रूपांतर करून देणाऱ्या ज्या अनेक जागा आहेत, तेथे पतसंस्थेच्या कर्जदारांची यादी किंवा पक्षकाराची कैफियत चढवणे हा गोपनीयतेचा भंग तर आहेच, शिवाय त्या दूरच्या यंत्रावर आपला मराठी फॉन्ट असण्याचे काहीच कारण नाही.

संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक सूचना वेगळी द्यावी लागेल. सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांचा पिढ्यानपिढ्या ज्याच्याशी संबंध आला ते कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत देणे देशभर बंधनकारक झाले असून असे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या भांडारात ठेवले जातात. तेथे प्रबंध एकसंध फाईल म्हणून न जाता मुखपृष्ठ, प्रमाणपत्रे, अनुक्रमणिका आणि एकेक प्रकरण अशा क्रमांकित तुकड्यांनी जातो. हे तुकडे करण्यासाठी वर्डच्याच निरनिराळ्या फायली करण्याचा मोह होतो, आणि मग प्रत्येक प्रकरण पान १ पासून सुरू होते, तळटीपांचे क्रमांक बदलतात, ‘पृष्ठ १४३ पाहा’ हा निर्देश अनाथ होतो. सबंध प्रबंध एकाच फाईलमध्ये पूर्ण करावा, अनुक्रमणिका अद्ययावत करावी, आणि मग निर्यातीच्या चौकटीत पानांची मर्यादा देऊन प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी काढावी. पानांचे क्रमांक मग आपोआप सलग राहतात, आणि छापील प्रत व भांडारातली प्रत यांत अंतर पडत नाही.

पीडीएफ हाती आली की ती दोनदा तपासावी, एकदा डोळ्यांनी आणि एकदा मजकुराच्या अंगाने. पहिल्या तपासणीत मूळ फाईल व पीडीएफ यांची एकूण पाने जुळतात का, आणि प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या व शेवटच्या पानाची पहिली ओळ तीच आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. मात्र ती आपल्या यंत्रावर न करता दुसऱ्या यंत्रावर किंवा मोबाईलवर करावी, कारण आपल्या यंत्रात फॉन्ट असल्याने आत न बसलेला फॉन्टही तेथे शहाजोगपणे दिसत राहतो. ॲडोबी रीडरमध्ये फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘फॉन्ट्स’ या पानावर गेल्यास प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असे लिहिलेले असावे. एका जरी नावापुढे ते नसले तरी परत जावे. दुसऱ्या तपासणीसाठी कऱ्हाड, शिराळा, महाबळेश्वर, कृष्णा, तासगाव अशी आपल्या मजकुरातली पाच-सहा नावे शोधून पाहावीत आणि एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावा. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृती आणि त्यांचे संकेतांक यांची सांगड वेगळी ठेवलेली असते, आणि देवनागरीत एक आकृती अनेक वर्णांची व एक वर्ण अनेक आकृतींचा असल्याने ही सांगड कधी कधी चुकते: ‘शिराळा’ची वेलांटी ‘श’च्या आधी येऊन पडते, ‘कृष्णा’मधला ‘ष्णा’ फुटतो. थोडीशी गफलत आजही पूर्णपणे टळत नाही. सगळाच मजकूर विस्कटलेला येत असेल तर फॉन्ट बदलून किंवा लिब्रेऑफिसमधून निर्यात करून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

काही कार्यालयांत सही-शिक्क्यासाठी संपूर्ण दस्तऐवज छापून, पुन्हा स्कॅन करून त्याची पीडीएफ करतात. त्यात मांडणी सुरक्षित राहते हे खरे, परंतु मजकूर नष्ट होऊन केवळ चित्र उरते आणि फाईलचे वजन अनेक पटींनी वाढते. सहीचे तेवढेच पान स्कॅन करून मूळ पीडीएफमध्ये जोडावे. शासनाच्या निर्णयांप्रमाणे आपल्याकडेही डिजिटल स्वाक्षरी करायची असेल, तर पाने जोडणे, फाईल आटोपशीर करणे, क्रमांक घालणे ही सगळी कामे स्वाक्षरीच्या आधी उरकावीत. कारण स्वाक्षरीनंतर यांतले काहीही केले की ती अवैध ठरते आणि सही करणाऱ्याच्या दारी पुन्हा जावे लागते. वर्डची मूळ फाईल आणि तिच्यात वापरलेले फॉन्ट एकाच फोल्डरमध्ये पीडीएफशेजारी ठेवावेत, म्हणजे पुढल्या वर्षीच्या अहवालासाठी हीच मांडणी कोणी मागितली तर ती पीडीएफमधून उलट उपसून काढण्याची वेळ येणार नाही.